आधी थय काय होता

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते. वाटेत विमानतळापाशी वळते, गोदामं, वर्कशॉप आणि वस्त्यांच्या पाठीमागून जाते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. तिथे पोचायच्या थोडं आधी, धारावीच्या अंगाला, तिच्या काठावर ३७ एकरांचं एक रान आहे. कागदोपत्री त्याचं नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. लोक माहीम नेचर पार्क म्हणतात. सायन-बांद्रा लिंक रोडवर, धारावी बस डेपोच्या समोर त्याचं फाटक आहे. तिकीट काढलं की कुणालाही आत जाता येतं.

आत शिरल्यावर सुरुवातीला काहीच बदलत नाही. लिंक रोड पाठीशी असतो, बसचे ब्रेक, ट्रकचे हॉर्न, मोटारसायकलींची रांग सगळं ऐकू येत असतं. मग वाट वळते. पायाखालच्या पाचोळ्याचा आवाज पहिल्यांदा कानावर येतो, आणि त्यानंतर लक्षात येतं की मघापासून एक तांबट टुक टुक करतोय. अंगावरचं ऊन निघून गेलेलं असतं. करंज, शिरीष, उंबर, काटेसावर, बहावा, कुठे बांबूचं बेट. झाडं अशी दाट की रविवारीसुद्धा समोरून येणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पुढे जात राहिलं की जमीन नदीकडे उतरते आणि तिवरांची हिरवी भिंत लागते. तिच्या फटींतून मिठीचं काळपट पाणी दिसतं आणि पाण्यापलीकडे बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. मुंबईत शांत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच जागा मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या अनेक शांत असतात कारण तिथे कुणाला येऊ देत नाहीत. ही जागा सगळ्यांसाठी उघडी असून शांत आहे, म्हणून मला ती मोठी वाटते.

या झाडांच्या मुळांखाली मुंबईचा कचरा आहे. १९७७ पर्यंत इथे डम्पिंग ग्राउंड होतं. शहरभरातून गाड्या यायच्या, ओतायच्या, जायच्या. ते बंद झाल्यावर इथे रान उभं करायची कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेतल्या मंडळींनी लावून धरली, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती अंगावर घेतली, आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनाला, उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचरा थांबला आणि फाटक उघडलं, यांत १७ वर्षं गेली. सरकारी कामाला उशीर होतो तशी ही १७ वर्षं नव्हती. कचऱ्याचा डोंगर कुजताना आतून तापतो, त्यातून वायू निघत राहतो, मुळांना हवा मिळत नाही, जमीन खचते. त्याच्यावर माती पसरायची, चिवट झाडं आधी लावायची, त्यांची पानं गळू द्यायची, ती तिथेच कुजू द्यायची, आणि अशी थोडी थोडी जमीन तयार झाली की मग नाजूक झाडांना बोलवायचं. यातलं कुठलंच काम पैसे जास्त घातले म्हणून लवकर होत नाही.

हे सगळं मी वाचलं नंतर. आधी ऐकलं ते बाबांकडून, आणि वेगळ्या भाषेत ऐकलं.

माझे बाबा बेस्टमध्ये होते. मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव सोडून सत्तरच्या सुमाराला ते मुंबईला आले आणि धारावीत गाववाल्यांच्या खोलीवर राहिले. एका खोलीत दहा-बारा बाप्ये, ज्याची जशी पाळी तसा तो झोपणार. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागल्यावर, लग्न झाल्यावर, त्याच भागात त्यांनी वेगळी खोली घेतली. आई लग्न होऊन तिथे आली १९७५ साली. वारा खाडीवरून फिरला की डम्पिंगचा वास घरात यायचा. कचरा पेटलेला असायचा, त्याचा धूर. बाबा सांगायचे, पहाटेच्या ड्यूटीला निघताना खाकी शर्ट दोरीवरून काढला की पहिला वास धुराचा, साबणाचा नाही. पुढे आम्ही विक्रोळीला राहायला गेलो, माझा जन्म तिथलाच. पण बाबांची नोकरी फिरत फिरत परत तिथेच आली. कंडक्टरचे स्टार्टर झाले आणि शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी धारावी डेपोत काढली. गाडी किती वाजता सुटायची, कुठली अडकलीय, कुणाची ट्रिप रद्द करायची, हे ठरवायची त्यांची चौकी. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे, जिथे त्यांनी धूर पाहिला होता, तिथे झाडं.

उद्यान उघडलं त्या वर्षी मी प्राथमिक शाळेत होते. मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला घेऊन गेले. आई आली नाही. तिने जे सांगितलं ते मला शब्दश: आठवतं, कारण ते तिने पुढेही दर वेळी तसंच सांगितलं: "माका नको थय." बाबांनी आग्रह केला नाही. त्या दिवशी झाडं आजच्याएवढी उंच नव्हती, काही ठिकाणी तर उन्हात चालावं लागलं होतं. मला बाग म्हणजे झोपाळे आणि घसरगुंडी एवढंच माहीत. इथे ते काही नव्हतं आणि मी कुरकुर करत होते. बाबा मला सरळ नदीच्या काठाला घेऊन गेले. तिवराची एक फांदी खाली ओढून त्यांनी एक पान तोडलं, उलटं करून फिकट बाजू दाखवली, मग सुलटं करून माझ्या तोंडासमोर धरलं आणि म्हणाले, "चाटून बघ गो."

पान खारट होतं. जेवणातल्या मिठासारखं स्पष्ट खारट. तिवर खाऱ्या पाण्यात उभा असतो, ते पाणी पितो आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात ते पानावर वाळतं. नीट बघितलं तर बारीक चकाकी दिसते. चिखलातून बोटभर उंचीच्या मुळ्या वर आल्या होत्या, शेकड्यांनी, सगळ्या आकाशाकडे तोंड करून. ही मुळं श्वास घ्यायला बाहेर येतात, चिखलात हवा नसते म्हणून, असं बाबांनी सांगितलं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. "आमच्या खाडयेतय अशीच झाडा आसत," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. गावी ते ह्याच चिखलात गुडघाभर उतरून खेकडे काढायचे. मुंबईत आल्यापासून खाडी त्यांना रोज दिसत होती आणि तिच्या काठावर त्यांना कधी पाय ठेवता आला नव्हता, हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं.

मी विचारलं, शाळेत सांगितलंय हे जंगल माणसांनी केलंय, मग याला एवढी वर्षं का लागली? बाबा म्हणाले, "झाड म्हणजे काय गाडी, टायमार सुटाक?" आणि थोडं पुढे गेल्यावर, काठीने माती उकरत, म्हणाले, "आधी थय काय होता, ता तुका म्हायत नाय." काठीच्या टोकाला एक निळ्या प्लास्टिकचा तुकडा आणि चपलेचा अर्धा पट्टा लागला होता. ते त्यांनी परत मातीत दाबून टाकलं.

पुढे किती वेळा आम्ही तिथे गेलो याचा हिशोब मी ठेवलेला नाही. कॉलेजात असताना मी सायनला उतरायचे, डेपोत जायचे, बाबांची ड्यूटी संपायची वाट बघत चौकीत बसायचे. त्यांचे सहकारी चहा मागवायचे. चौकीतल्या बाबांना मी ओळखत नव्हते असं वाटायचं: आवाज चढा, नजर घड्याळावर, कुणाला "मास्तर" म्हणून समजावणं, कुणाला खडसावणं. अंगठ्याच्या आतल्या बाजूला तिकिटं पंच करून करून पडलेला घट्टा होता, वर्षानुवर्षं कंडक्टरकी केलेल्या सगळ्यांच्या हाताला तो असतो. बोलताना तो घट्टा ते तर्जनीने चोळत राहायचे. मग रस्ता ओलांडून आम्ही फाटकातून आत गेलो की पन्नासेक पावलांत हा माणूस गावचा होऊन जायचा. बोलणं मालवणीत, आवाज खाली, आणि चाल अशी की मलाच थांबून त्यांची वाट बघावी लागायची.

त्यांना झाडांची नावं गावाकडची यायची. उद्यानातल्या पाट्यांवर शास्त्रीय नावं लॅटिनमध्ये आणि मराठी नावं पुस्तकातली. बाबा पाटी वाचायचे, मान हलवायचे आणि स्वत:चं नाव सांगायचे. सप्तपर्णीला सातवीण. ताम्हण दिसलं की त्यांना आनंद व्हायचा. राज्याचं फूल असल्याचं त्यांना अप्रूप नव्हतं, मे महिन्यात गावच्या ओढ्याकाठी जांभळी होणारी झाडं ती हीच, एवढ्यासाठी. पांगाऱ्याच्या लाल फुलांवर साळुंक्या आणि कावळे भांडायचे, ते बघत ते उभे राहायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस उतरणीला लागला की फुलपाखरं येतात. राज्याचं फुलपाखरू म्हणून ज्याचं नाव पुढे झालं ते मोठं काळं, निळ्या पंखांचं, ब्लू मॉरमॉन, मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं. ओल्या मातीवर बसून सोंडेने क्षार शोषत होतं. बाबा चपला काढून त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले. गणवेशाची पँट गुडघ्यांवर ताणलेली, हातात डब्याची पिशवी. फुलपाखरू उडालं तरी ते तसेच बसून होते. आज त्यांची आठवण आली की बहुतेक वेळा मला त्यांची ही पाठ दिसते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठीला जागाच उरलेली नव्हती. विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलेली, पात्रात भराव, खाडीची दलदल भरून उभी केलेली संकुलं. पाण्याने जायचं तरी कुठे? वरून पाऊस आणि खालून भरती. बाबा त्या रात्री डेपोत अडकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चालत विक्रोळीला पोचले तेव्हा आईने दार उघडलं आणि काही न बोलता पाणी तापवायला ठेवलं. त्यांनी त्या रात्रीबद्दल फारसं कधी सांगितलं नाही. किती लोक त्या रात्री परत आले नाहीत, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. महिनाभराने आम्ही उद्यानात गेलो तेव्हा त्यांनी मला तिवरांकडे बोट करून दाखवलं. फांद्यांमध्ये, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या अडकून राहिल्या होत्या, सगळ्या एकाच उंचीवर, काठाकाठाने लांबपर्यंत. पाणी किती चढलं त्याची ती रेघ होती. झाडं जागची हलली नव्हती. तिवर पाण्याचा जोर मोडतात, मुळांत गाळ धरून ठेवतात आणि काठ सावरतात, हे आता सगळेच सांगतात. बाबांनी ते तेव्हा त्या रेघेवरून मला वाचायला लावलं.

निवृत्तीनंतर त्यांचं जाणं कमी झालं. विक्रोळीहून मुद्दाम उठून यायचं, दोन गाड्या बदलायच्या, आणि रस्त्यापलीकडे चौकीत आता दुसरा माणूस बसलेला. गावीही वर्षातून एकदाच, गणपतीला. मग हृदयाचा त्रास सुरू झाला. शेवटचे आम्ही गेलो ते एका मे महिन्यात, मीच टॅक्सी करून नेलं. बहावा फुललेला होता, वाटेवर पिवळा सडा. पहिल्या बाकापर्यंत ते पोचले आणि म्हणाले, मी बसतो, तू जाऊन ये. मी नदीपर्यंत जाऊन आले. परतल्यावर त्यांनी विचारलं, "भरती हा की सुकती?" मी म्हटलं सुकती, चिखल उघडा पडलाय. ते खूश झाले. म्हणजे वंचक उतरले असतील, निवट्या बाहेर आल्या असतील. मी वंचक पाहिला होता, पाण्याच्या कडेला मातीच्या रंगात मिसळून बसलेला, आणि मी जवळ गेल्यावर एकदम पांढरे पंख उघडून उडालेला. तो कुठल्या बाजूला उडाला, एकच होता की आणखी होते, पाणी पात्राच्या मध्यापर्यंत गेलं होतं की तेवढं नव्हतं, एकेक विचारून त्यांनी बाकावर बसल्या बसल्या सगळा काठ माझ्याकडून बघून घेतला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

मी पुन्हा उद्यानात गेले ती दिवाळी होऊन गेल्यावर, एकटी. मला वाटलं होतं की तिथे रडू येईल. तसं झालं नाही. झालं ते असं, की एका झाडाजवळ थांबले, त्याला पाटी नव्हती, पानं ओळखीची होती आणि नाव आठवेना. आणि मी मागे वळून बघितलं. मागून ते सावकाश येत असायचे ना, म्हणून. वाटेवर एक जोडपं उभं होतं, ते जरा बाजूला झालं. त्या झाडाचं नाव मी नंतर पुस्तकातून शोधून काढू शकले असते, आणि काढलंही. पण गावाकडे त्याला काय म्हणतात, त्याचं लाकूड कशाला वापरतात, लहानपणी त्याच्या फळांचं ते काय करायचे, हे विचारायला माणूस लागतो आणि तो माणूस राहिला नव्हता. पुढच्या काही महिन्यांत मला हे वारंवार होत राहिलं. दु:ख म्हणजे काय याबद्दल लोक जे सांगत होते, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं: आपल्याकडे प्रश्न तयार होत राहतात, रोज नवे, आणि ते ज्याला विचारायचे तो पत्ता बंद झालेला असतो.

दुसरी गोष्ट मला तिथे येणारी माणसं बघून कळली. शाळांच्या सहली येतात, कॅमेरे घेतलेली तरुण मुलं येतात, म्हातारी माणसं फिरायला येतात. रोपवाटिकेत कुणी रोप निवडत असतं. सगळ्यांना हे रान आधीपासूनच इथे होतं असं वाटतं. वाटणारच. झाडांनी आपल्याखालचं सगळं झाकून टाकलंय, आणि किती सुंदर झाकलंय. फाटकापाशी इतिहास लिहिलेला असला तरी वाचून कळणं आणि धुराच्या वासाने भरलेला शर्ट अंगात घालून कामाला गेलेलं असणं, यांत फार अंतर आहे. इथे कचरा होता असं ज्यांच्या नाकाला माहीत आहे ती पिढी आता साठीच्या पुढे आहे. एकेक करून ती माणसं जाताहेत. माझ्या घरातला असा साक्षीदार गेला तेव्हा मला ही जाणीव झाली, आणि तेव्हापासून मला या बागेची भीती वाटायला लागली आहे, म्हणजे तिच्यासाठी भीती.

कारण जे आपोआप आलंय असं वाटतं, ते गेलं तर पुन्हा आपोआप येईल असंही वाटतं. धारावीच्या पुनर्विकासाच्या कागदांत या उद्यानाचं नाव यायला लागलं होतं, तेव्हा पर्यावरणवाले कोर्टात गेले. उद्यान प्रकल्पात घेतलेलं नाही, असं सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. या जमिनीला कायद्याने संरक्षित वनाचा दर्जा आहे. मला त्या आश्वासनावर विश्वास ठेवायचा आहे. पण धारावीच्या चारही बाजूंना जमिनीचा काय भाव चाललाय हे सगळ्यांना माहीत आहे आणि नदीपलीकडच्या काचांतून हे रान रोज कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोर असतं. दुसरीकडे झाडं लावून देऊ, असं अशा वेळी नेहमी म्हटलं जातं. कोणत्या जमिनीवर? किती वर्षांत? ज्यांनी ही १७ वर्षं पाहिली त्यांनीच हे दोन प्रश्न जोरात विचारले असते. बाबा स्टार्टर होते, एका मिनिटाच्या उशिराचा जाब विचारायची त्यांची नोकरी. आणि या एका ठिकाणी त्यांनी आयुष्यभर उशीर होऊ दिला, त्याच्याकडे रोज रस्त्यापलीकडून बघत राहिले. हे मी त्यांच्याबद्दल सगळ्यांत अभिमानाने सांगते.

धारावीत वाढलेली मुलं इथे सहलीला येतात तेव्हा मी मुद्दाम जवळपास रेंगाळते. त्यांच्या घरांत खिडकी उघडली की समोरची भिंत असते, आणि इथे ती मुलं धावत सुटतात, मास्तर ओरडत राहतात. धावू द्यावं. या रानावर त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे. शहराचा सगळा कचरा त्यांच्या आजी-आजोबांच्या दारात टाकला जात होता, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आईला मी गेल्या फेब्रुवारीत तिथे नेलं. म्हणजे तीच म्हणाली. बाबांचं वर्षश्राद्ध झालं होतं. एका दुपारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "ती तुमची बाग बघूया एकदा." इतकी वर्षं ती वासामुळे येत नाही, असंच बाबांना वाटत होतं आणि मलाही. तिने फाटकातून आत आल्यावर खरोखरच पदर नाकाशी नेला, मग खाली घेतला. काटेसावर फुलली होती, बिनपानांच्या फांद्यांवर लाल फुलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत चालली होती आणि मधेच थांबून दिशा लावत होती: रस्ता हा, मग आमची खोली त्या अंगाला, मग गाड्या इकडून यायच्या. मी तिला तिवराच्या पानाचं सांगायला लागले. तिने हाताने थांबवलं.

"वास होतो खरो," ती म्हणाली. "पण माणसा पण होती थय."

मग तिने जे सांगितलं ते बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. डम्पिंगवर बायका काम करायच्या. पहाटे जायच्या, दिवसभर वेचायच्या: काच वेगळी, पत्रा वेगळा, हाडं वेगळी, चिंध्या वेगळ्या. त्यातली एक आमच्या खोलीच्या मागच्या गल्लीत राहायची, आईपेक्षा थोडी मोठी. आई गावाहून नवीन आलेली, मराठी शहरातली येत नाही, बाबा दिवसभर ड्यूटीवर. त्या बाईने तिला नळावर रांग कशी लावायची, रॉकेल कुठे मिळतं, कुठल्या दुकानदाराशी बोलायचं नाही, हे शिकवलं. एकदा तिने आईला काचेची एक बरणी आणून दिली. डम्पिंगवर सापडलेली, झाकणासकट, चीरसुद्धा न गेलेली. आईने ती राखेने घासली, दोनदा उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात ठेवली.

मी विचारलं, कुठली बरणी? ती म्हणाली, आमसुलांची.

आमच्या घरातल्या आमसुलांच्या बरणीला खाली हिरवट झाक आहे आणि तोंडाशी जाड कड. ती विक्रोळीच्या घरात मी जन्मायच्या आधीपासून आहे. त्या बरणीतली आमसुलं घालून केलेली सोलकढी बाबांनी जन्मभर प्यायली.

"त्येंका मी कधी सांगूक नाय," आई म्हणाली. "टाकून दिली असती त्येंनी."

मी तिला विचारलं, मग ती बाई? आईने जरा वेळ घेतला. कचरा यायचा बंद झाला तसं त्या बायकांचं काम गेलं. काही महिने काढले, मग एक दिवस तिचं बिऱ्हाड हललं, मुलं आणि भांडी घेऊन. जाताना भेटायला आली होती, तेव्हा आई गावी गेलेली. कुठे गेली ते कुणी नीट सांगितलं नाही. कुणी देवनार म्हणालं, कुणी दुसरं काही. बाबांना माहीत असेल, मी उगाच म्हटलं. आई म्हणाली, त्यांना कसं असणार, त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं, ती यायची ती ते ड्यूटीवर गेल्यावर.